मामांचा नवा वाचक

पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या लोकांविषयी मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे. पुस्तक पुरतं न वाचता त्यावर दोन रकाने भरणं हे काही सोपं काम नव्हे. आम्ही पडलो बी.कॉम. आमच्या सरांनी आम्हाला एवढंच शिकवलं की, नावे असेल तिथं जमाही असली पाहिजे आणि शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे. साहित्यात बेरीज जुळली नाही तर त्याला नवसाहित्य म्हणतात. बँकेत त्याला फरक म्हणतात आणि तो सापडेपर्यंत घरी जाऊ देत नाहीत. त्यामुळे टीकाकार होण्याची इच्छा मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मनातच दाबून ठेवली होती.

आज मात्र परीक्षण लिहायला बसलो आहे. फक्त ते पुस्तकाचं नाही, वाचकाचं आहे. लेखकाला सगळेच नावं ठेवतात. वाचकाला कुणी ठेवलेली माझ्या ऐकिवात नाहीत. हा वाचक आमच्या लोहाऱ्यातच राहतो. म्हणजे आमच्या मामांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात. वजन पाव किलोच्या आत, खाणंपिणं काही नाही, रात्री एकदा वायर लावली की दिवसभर वर्तमानपत्रापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं मामांना वाचून दाखवतो. दाखवतो म्हणजे ऐकवतो. 'वाचून दाखवणं' हा शब्द कुणातरी डोळस माणसानं काढलेला आहे, असं मामांचं मत आहे.

मामांचे डोळे देवीनं नेले. तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि साल होतं १९६४. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. म्हणजे ही बाई जायला निघालीच होती, पण जाता जाता आमच्या घरी थांबून गेली. पुढं मामा अंधशाळेत शिकले, ब्रेल शिकले, पेटी शिकले, आणि एका शाळेत संगीताचे मास्तर म्हणून लागून २०१८ साली रीतसर निवृत्त झाले. गाव सगळं पायाखालचं. बसस्टँडपासून घरापर्यंत कुठं खड्डा आहे ते मामा सांगतात आणि आम्ही डोळस भाचे त्यात पडतो.

या वाचकाच्या आधी मामांचे वाचक आम्ही होतो. आधी माझी आई, मग मी, लग्नानंतर मामी. मी आठ-दहा वर्षांचा असताना रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. मानधन : दर पानाला एक लिमलेटची गोळी. बाहेर पोरं विटीदांडू खेळत असली की मी मधले परिच्छेद गाळत असे. मामा शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "अग्रलेख आज आखूड कामून रे? संपादक आजारी हाय का?" मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत असे. असा कान असलेल्या माणसापुढं वाचणं म्हणजे मुलाखतीला बसण्यासारखं होतं. मी पुढं बँकेच्या मुलाखतीत पास झालो त्याचं श्रेय मी त्या गोळ्यांना देतो.

एकदाच मी त्यांच्यापुढं सलग, न अडखळता एक वाक्य वाचलं. तेव्हा गोळीही मिळाली नाही आणि शाबासकीही नाही. ते मी शेवटी सांगेन.

तर नवा वाचक. याचं घराणं अगदी अलीकडचं आहे. २००९ साली ॲपलनं आपल्या फोनात व्हॉइसओव्हर घातला आणि त्याच वर्षी गूगलचा टॉकबॅक आला. काचेवर बोट फिरवायचं. बोटाखाली जे येईल ते फोन बोलतो. हवं ते सापडलं की दोनदा टिचकी मारायची. कल्पना इतकी सुंदर आहे की पहिल्या दिवशी मामांनी ती आम्हाला समजावून सांगितली आणि आम्हाला कळली नाही. मामांच्या खिशातला वाचक कुठल्या घराण्याचा, फोन कुठल्या कंपनीचा आणि ॲप कुठल्या बँकेचं, हे मात्र मला विचारू नका. मी नोकरदार माणूस आहे. अजून पंधरा वर्षं काढायची आहेत.

टीकाकार आधी गुण सांगतात. तेव्हा गुण. हा वाचक कधी कंटाळत नाही. 'जरा थांब' म्हटलं तर थांबतो. चष्मा विसरत नाही. मामींप्रमाणे सोन्याचा भाव आणि मयताच्या बातम्या एवढंच वाचून पेपर घडी करत नाही. मामांनी त्याचा वेग इतका वाढवला आहे की आपल्याला नुसती मिक्सरची घरघर ऐकू येते, आणि तेवढ्यात मामांचा लेख वाचून झालेला असतो.

आता दोष. पहिला उच्चाराचा. मराठीत 'चार'चा च वेगळा आणि 'चाक'चा वेगळा, हे आपण आईच्या मांडीवर शिकतो. या वाचकाला आईची मांडी मिळालेली नाही. त्याला मधूनच हिंदीचा झटका येतो आणि मग चाकाला चाराचा च लागतो, चमच्याचंही तसंच होतं. 'ता. लोहारा, जि. धाराशिव' हा पत्ता तो 'ता टिंब, जि टिंब' असा वाचतो. कुणाचा मोबाईल नंबर लिहून आला की सरळ कोटीत सांगतो. पहिल्यांदा मामा दचकले होते. "अरे, ह्यो शिपायाचा नंबर म्हणून पाठवला होता, ह्यो तर शिपायाची इस्टेट सांगालाय!"

दुसरा दोष, त्याला प्रसंगाचं भान नाही. आपण निरोपाच्या शेवटी ती पिवळी तोंडं टाकतो. वाचक त्या प्रत्येक तोंडाचं नाव घेतो. गेल्या साली आमच्या एका दूरच्या काकांचं निधन झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर शोकसंदेश सुरू झाले. मामांचा फोन गंभीर आवाजात वाचू लागला : "भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले. हात जोडलेले. हात जोडलेले. आनंदाश्रू आलेला चेहरा. आनंदाश्रू आलेला चेहरा." आम्हा डोळसांना त्यात नुसते अश्रू दिसले होते, आनंद फक्त मामांच्या वाचकानं पकडला. तो संदेश कुणाचा होता ते मामांनी सांगितलं, पण काकांची जमीन अजून वाटपात आहे, म्हणून मी लिहीत नाही.

हे दोष हसण्यावारी नेण्यासारखे आहेत आणि मामा नेतात. तिसरा दोष तसा नाही. हा वाचक मजकूर गाळतो.

आता गाळण्याच्या बाबतीत मी कुणाला बोलावं अशी माझी पायरी नाही, हे वर आलंच आहे. पण मी गाळायचो ते विटीदांडूसाठी. हा का गाळतो? तर त्याला जे सांगितलेलंच नाही ते तो वाचणार कुठून! पडद्यावर छानसं चित्र असतं : बाण, घर, कागदाचं विमान. आपण बघतो आणि ओळखतो की इथं दाबलं की पैसे जातात. वाचकाला चित्र कळत नाही. चित्रामागं ॲप तयार करणाऱ्यानं 'पैसे पाठवा' असे दोन शब्द लिहून ठेवायचे असतात, म्हणजे वाचक ते बोलतो. लिहिले नाहीत तर तो म्हणतो, "लेबल नसलेलं बटण." पुढं सरकलं की पुन्हा, "लेबल नसलेलं बटण." मामांच्या एका ॲपमध्ये अशी ओळीनं पाच आहेत. त्यातल्या एकानं पैसे जातात, एकानं खातं बंद होतं, आणि एकानं गाणं सुरू होतं.

आमच्या धंद्यात रोजकीर्दीत नोंद केली की तिच्याखाली 'अमुक कारणास्तव' असं एक वाक्य लिहावं लागतं. ते वाक्य नसलं तर हिशेबतपासनीस लाल पेन्सिलीनं गोल करून आम्हाला बोलावून घेतो. रक्कम बरोबर असली तरी सोडत नाही. बटणाला नाव नसलं तर कुणीच गोल करत नाही. नाव न लिहिणाऱ्या त्या इंजिनिअर पोराला मी दुष्ट म्हणणार नाही. त्यानं ते बटण डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या साहेबानं डोळ्यांनी पाहिलं, साहेबाच्या साहेबानंही पाहिलं. तिघांना दिसलं म्हणजे सगळ्या जगाला दिसलं. डोळे मिटून एकदा वापरून पाहायला पाच मिनिटं लागतात, पण पाच मिनिटं डोळे मिटले तर खाजगी कंपनीत त्याला झोप म्हणतात. ती सवलत फक्त आमच्याकडे आहे.

बरं, नाव असलेलं बटणही जाग्यावर राहील याची खात्री नाही. मामांनी एक ॲप पाठ केलं होतं. पेटीवर स्वर पाठ असतात तसं : उजवीकडे तीनदा, एक टिचकी, पुन्हा दोनदा, टिचकी, विजेचं बिल भरलं. एका सकाळी ॲप आपोआप अद्ययावत झालं. मामांनी तोच राग वाजवला आणि बिलाऐवजी कर्जाचा अर्ज उघडला. "रात्रीत कुणीतरी येऊन पेटीच्या पट्ट्या इकडच्या तिकडं करून गेला," असं मामा म्हणाले. पेटीच्या बाबतीत असं झालं असतं तर गावानं चोर धरला असता.

आणि पिन. पैसे जाण्यापूर्वी चार-सहा आकड्यांचा पिन टाकावा लागतो. त्या ॲपमध्ये आकड्यांच्या पाटीवर हा वाचक एकदम मौन धारण करतो. सुरक्षिततेसाठी म्हणे. मुक्या पाटीवर आकडे चाचपायचे कसे? म्हणून मामा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराला पिन सांगतात आणि तो दाबतो. दरम्यान बँकेचा निरोप येतो आणि तो मात्र वाचक खड्या आवाजात वाचतो : "आपला पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका." आणि लगेच भर दुकानात ओटीपीचे सहाच्या सहा आकडे सांगून मोकळा होतो. कानात यंत्र घालावं म्हटलं तर रस्त्यावर मामांचे कान हेच त्यांचे डोळे. एक कान फोनला दिला तर मागून येणारी जीप कुणी ऐकायची? आजमितीला मामांचा पिन लोहाऱ्यात चार जणांना ठाऊक आहे. पाचवा मी, आणि मी तर 'पिन सांगू नका' हा फलक स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवलेला माणूस.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक नोंद स्वतःच्या नावे टाकली पाहिजे. नाहीतर बेरीज जुळायची नाही. मी २००४ साली नोकरीला लागलो. पहिल्याच वर्षी एक दृष्टिहीन गृहस्थ काउंटरवर आले आणि चेकबुक मागू लागले. सही सुरेख करत होते. साहेबांनी मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं : घरच्या कुणाला तरी जोडीला घेऊन संयुक्त खातं काढा. ते म्हणाले, "पैसे माझे आहेत." मी म्हणालो, "तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतोय." घरी आलो, मामांसमोर बसून जेवलो, आणि मला काही वाटलं नाही. ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना बजावलं की, चेकबुक, एटीएम, लॉकर यांतली कुठलीही सोय माणूस दृष्टिहीन आहे म्हणून नाकारू नका. ते परिपत्रक फाईलला मीच लावलं. तेव्हा मात्र वाटलं. पुढं १ जुलै २०१४ पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेलच्या बटणांचं असावं, असाही नियम झाला. तात्पर्य, लेबल नसलेलं बटण ही काही फोनवाल्यांचीच मक्तेदारी नाही. तेव्हा काउंटरच्या आत ते बटण मी होतो.

नोटांचीही तीच कथा. २०१६पूर्वी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब होती आणि शंभराची १५७. एक सेंटिमीटरचा फरक. मामा नोट दोन बोटांत धरून सांगायचे. आता पाचशेची १५० झाली, दोनशेची १४६ आणि शंभराची १४२. फरक चार मिलिमीटर, म्हणजे बाजारातून घामेजून आलेल्या नोटेला जेवढी घडी पडते तेवढा. मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघटनेनं हे गाऱ्हाणं हायकोर्टात नेलं. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं नोट ओळखून बोलणारं ॲप काढलं, त्याचं नाव मणि. कल्पना चांगली आहे. पण भाजीच्या गाड्यासमोर एका हातात पिशवी, एका हातात काठी, एका हातात नोट आणि एका हातात फोन धरायचा, तर त्याला आधी गणपतीचं दर्शन घेऊन दोन हात उसने मागावे लागतात.

सर्वांत मौज गेल्या काही वर्षांतली. नोव्हेंबर आला की पेन्शनरानं आपण जिवंत आहोत असा दाखला द्यायचा. पूर्वी मामा बँकेत येत, साहेब त्यांच्याकडे बघत, मामा शिंकत, आणि दाखला होत असे. आता घरबसल्या फोनवर होतो. मामा उत्साहानं बसले. ॲप म्हणालं, चेहरा वर्तुळात आणा. म्हणालं म्हणजे पडद्यावर लिहिलं; तोंडानं नाही. मी वाचलं आणि मामांचं डोकं धरून वर्तुळात आणलं, हजामाकडे लहान पोराचं धरतात तसं. मग ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. मामांचे डोळे देवीनं जे मिटवले ते मिटवले. आम्ही तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ॲपनं मामांना जिवंत मानायला नकार दिला. मामा म्हणाले, "पासष्टाव्या वर्षी सरकारला डोळा मारायचा, तेव्हा पेन्शन! तरुणपणी कुणाला मारला असता तर निदान मार तरी खाल्ला असता."

आम्ही हसलो. पण हे हसणं दिल्लीपर्यंत कुणी तरी नेलं होतं. ॲसिडहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. डिजिटल सोयींपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं, वीस निर्देश दिले, आणि माणूस जिवंत आहे हे पाहायला डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्गही ठेवा असं सांगितलं. मी तो निकाल मामांना वाचून दाखवायला गेलो, तर त्यांच्या वाचकानं आधीच वाचला होता. मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे मी जिवंत आहे असं कोर्टाचं मत पडलं. आता ॲपचं मत कधी बदलतंय ते बघू."

कायदा काही कमी नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या आधी २०१५च्या ३ डिसेंबरला सुरू झालेलं सुगम्य भारत अभियान आहे. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. गेल्या खेपेस एका संस्थेनं मामांना सत्काराचं आमंत्रण पाठवलं. रंगीत, फुलापानांचं, वर नेत्यांचे फोटो. वाचक म्हणाला, "फोटो." मामांना वाटलं, कुणीतरी सकाळी सकाळी सुप्रभात घातलं असेल. सत्कार मामांच्या गैरहजेरीत पार पडला. सरकारी पत्रांचं तरी काय वेगळं! कागद यंत्रावर ठेवून त्याची छबी काढतात आणि धाडून देतात. आपल्याला ती अक्षरं दिसतात, वाचकाला ती भिंत. काही पत्रं जुन्या टायपातली असतात. वरून मराठी दिसतात, पण पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. मग वाचक जे बोलू लागतो ते ऐकून मामी हळद-कुंकू घेऊन येतात.

तुम्ही म्हणाल, मग ब्रेल आहे की! आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधला खोगीर करणाऱ्याचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानातलं हत्यार डोळ्यात गेलं आणि पुढं दोन्ही डोळे गेले. त्यानं १८२९ साली सहा ठिपक्यांची लिपी छापली, आणि ती लिहायची ती टोच्यानंच. आमच्या गावाचं नाव लोहारा असल्यामुळे हत्यारानं काय काय होऊ शकतं हे आम्हाला समजतं. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट चिन्हं होतात, आणि १९५१ साली भारतातल्या सगळ्या भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरलं. २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिकही निघालं. मामा म्हणतात, कानानं ऐकलेलं वाचन आणि बोटानं केलेलं वाचन यांत लोणचं ऐकणं आणि लोणचं खाणं एवढा फरक आहे. शुद्धलेखन बोटांनाच कळतं. कानाला 'पाणि' आणि 'पाणी' सारखंच.

मामांचा एक जुना विद्यार्थी आठ दिवसांसाठी ब्रेलची पट्टी देऊन गेला. ही फोनाला जोडायची. फोनातला मजकूर तिच्यावर बारीक टाचण्या वर-खाली होऊन उमटतो. किंमत फोनाच्या कैक पट, म्हणून आठच दिवस. मामांनी हात धुतले, पट्टीला नमस्कार केला आणि बोटं ठेवली. पट्टीवर मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी पाच-सहा चिन्हांचा आकड्यांचा डबा निघाला. यंत्राला वाटलं मजकूर इंग्रजी आहे. देवनागरी अक्षर दिसलं की ते त्याचा कोठार-नंबर छापत होतं. मामांनी एक ओळ वाचली आणि म्हणाले, "कोण जाणे कुणाच्या खात्याचा नंबर हाय. तुझ्याच बँकेतला असंल."

दोन दिवसांनी भाषा सापडली, तर लिहिण्यात घोटाळा. भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा नाहीत. क-पुढं ई लिहिली की ती 'की' होते. 'सई' लिहायचं तर स आणि ई यांच्या मध्ये एक अ घालावा लागतो, हे प्रत्येक ब्रेल जाणणाऱ्या पोराला ठाऊक. मामांनी नियमानं अ घातला. फोनानं तो गिळला आणि मामांच्या नातीचं, सईचं, नाव 'सी' असं करून तिच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. 'मऊ भात' 'मू भात' झाला. जोडाक्षराचं तर विचारूच नका. ब्रेलमध्ये हलन्ताची खूण अक्षराच्या आधी येते, कॉम्प्युटरात नंतर. दोघांची वाटेत गाठ पडली की शब्दाचा पाय मोडतो. मामा चिडले नाहीत. नापास पोरापुढं मास्तर बसतो तसे त्या पट्टीपुढं आठ दिवस बसले, एकेक चूक ब्रेलमध्ये टोचून यादी केली, आणि कंपनीला पाठवली. कंपनीचं उत्तर आलं. ते फोटोच्या स्वरूपात होतं.

आता शेवटचं, जे मी मागं ठेवलं होतं.

१९९० साली मी दहा वर्षांचा होतो आणि मामा तिशीचे. सोलापूरकडून एक स्थळ आलं होतं. मुलीकडचं पत्र आलं ते आईनं आधी स्वयंपाकघरात वाचलं. मग मला जवळ घेऊन एक वाक्य पाठ करून घेतलं. बाहेर मामा पेटी बंद करून बसले होते. मी पत्र उघडलं आणि वाचलं : "मुलीचं शिक्षण चालू असल्यामुळे तूर्त लग्नाचा विचार नाही." मामांनी हात पुढं केला, पत्र घेतलं, घडी केली आणि पेटीच्या खोक्यात ठेवलं. पुढं चार वर्षांनी मामी आल्या, संसार झाला, पोरं झाली, आई गेली. पत्र कुणी काढलं नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो तर मामांच्या मांडीवर ते पत्र होतं आणि ते वाचकाकडून वाचून घेत होते. म्हणजे फोन पत्रावर धरला होता. हाताच्या अक्षरापुढं वाचकाची मती गुंग झाली होती. तारीख आणि 'सोलापूर' एवढं तो म्हणाला. बाकी नुसती खडखड. मामा म्हणाले, "याला उजेड कमी पडत असंल. दिवा लाव." मी दिवा लावला. तरी तेच.

"मामा," मी म्हणालो, "त्यात काय आहे ते तुम्हाला..."

"ते त्याच दिवशी कळलं होतं. तू रोज 'महाराष्ट्र' म्हणताना तीनदा अडखळायचास. आणि त्या दिवशी 'शिक्षण चालू असल्यामुळे तूर्त' हे एका दमात म्हणालास. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी 'तूर्त' कुठून येणार? ताईचा शब्द होता तो. तिला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"मग आज कशाला?"

"काय नव्हतं ते कळलं होतं रे. काय होतं ते कधी कळलंच नाही. पस्तीस वर्षं खोक्यात ठेवलं. कुणाकडून वाचून घ्यायचं? जो वाचणार तो आपलाच. आपला माणूस म्हटलं की तो गाळणार. म्हणून म्हटलं, हा परका हाय, हा वाचील." त्यांनी पत्र माझ्यापुढं धरलं. "याला येत नाही. तू वाच. पण या वेळी पाठ न करता."

मी चष्मा लावला आणि वाचलं. सगळं. त्यात लिहिलं होतं की आपले बंधू सुशील आहेत, कलावंत आहेत, पण आंधळ्या माणसाच्या पदरी मुलगी द्यायची म्हणजे तिची जन्मभराची काठी करायची, ते आमच्यानं होणार नाही. 'काठी' या शब्दाशी मी थांबलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलो.

मामा डोकं तिरकं करून ऐकत होते, सुरात पेटी लावताना ऐकतात तसे. वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्षर कसं हाय?"

"सुंदर आहे."

"हां. माणूस वाईट नसणार." मग पत्राची जुनी घडी बोटानं शोधून त्यांनी ते परत खोक्यात ठेवलं. तेवढ्यात बाजूला ठेवलेल्या फोनाला त्यांचा हात लागला. तो म्हणाला, "लेबल नसलेलं बटण."

मी विचारलं, "मामा, मी याच्यावर परीक्षण लिहितो आहे. तुमचं मत काय लिहू? वाचक म्हणून हा बरा की मी?"

मामांनी मास्तरकीच्या सवयीनं जरा विचार केला. म्हणाले, "शेरा लिही. दोघांनाही एकच. प्रगती आहे, उच्चार सुधारावेत, गाळू नये."